अर्धी तुमची, अर्धी आमची

ब्रिस्टल,
मंगळवार, ९ डिसेंबर २००३

प्रिय गास्तों,

नाताळचं कार्ड आतमध्ये आहेच, पण या वेळी सोबत पत्रही आहे, म्हणून पाकीट जड लागलं असेल. चौतीस वर्षं आपण एकमेकांना कार्डं पाठवतो आहोत. तुझ्या कार्डावर ‘गास्तों देल्पेश आणि मंडळी’, माझ्या कार्डावर ‘मर्विन आणि डोरीन गिंजेल’, त्याच्यावर एक ओळ नाही की शब्द नाही. हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा थंडी किती पडली आहे इथवर येऊन थांबलो. आम्हां इंग्रजांना अवघड बोलायची वेळ आली की हवामान आठवतं, हे तूच मला एकदा ऐकवलं होतंस. आज पाचव्यांदा बसलोय, आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवून बसलोय. मला त्या ब्रॅकेटबद्दल बोलायचं आहे. सदुसष्ट सालच्या त्या बेचाळीस उलट्या ब्रॅकेटांबद्दल, ज्यांच्यापायी तुझं टेबल गेलं आणि माझं राहिलं. त्यात चूक नक्की कुणाची होती, ते तुला सांगायचं आहे. पण जरा वेळ दे. हल्ली मी जिनासुद्धा मध्ये दोनदा थांबून चढतो, तसाच तिथपर्यंत येईन.

गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला शेवटचं कॉन्कॉर्ड ब्रिस्टलला आलं. तुमच्याकडचं जूनमध्येच तुलूझला येऊन कायमचं बसलं, ते तुझ्या लक्षात आहे की नाही कोण जाणे. आमच्याकडे अख्खं गाव धावपट्टीच्या कुंपणाला लटकलं होतं. डोरीननं थर्मासमध्ये चहा भरला, दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्या, आणि सकाळपासून आम्ही जागा धरून. शेजारी एक बाई हुंदके देत होती. डोरीनला राहवेना. तिनं विचारलं, “तुमचे मिस्टर होते का हो यात कामाला?” तर ती म्हणाली, “छे हो. आमच्या डोक्यावरनं जायचं नि कपाटातल्या बश्या नाचायच्या. पंचवीस वर्षं शिव्या घातल्या त्याला. आता कुणाला घालू?” मग विमान आलं. चोच खाली वाकवून, मागचे पाय आधी टेकवून, जसं ते नेहमी उतरायचं तसंच उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोठमोठी माणसं रडली. मी नाही टाळी वाजवली. माझी नजर सवयीनं मागच्या अंगाला गेली, जिथं तुमचा तुकडा संपतो आणि आमचा सुरू होतो. बाहेरून तिथं काहीच दिसत नाही. दिसू नये, हेच तर आपलं काम होतं.

त्यात आपण दोघंही कधी बसलो नाही, नाही का? मी तरी नाही. तिकीट आपल्यासारख्यांसाठी नव्हतंच. आपण ते कागदावर ओढलं, उडवलं दुसऱ्यांनी, बसले तिसरेच, आणि आता ते बंद करायचं हेही चौथ्यांनी ठरवलं. परवा मी गणित केलं, की माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षं या एका विमानात गेली, आणि ते उडतं राहिलं तीही जवळजवळ तितकीच. मला वाईट वाटलं असं म्हणणं खरं होणार नाही. मला नुसता थकवा आला. घरी येऊन बुटांसकट पलंगावर पडलो तर डोरीन म्हणाली, “विमान रिटायर झालंय, तू चौदा वर्षांपूर्वीच झालायस. बूट काढ.”

आठवतं का रे, सगळं किती विचित्र होतं ते. दोन सरकारांनी बासष्ट साली कागदावर सह्या करून लग्न लावलं आणि त्यात काडीमोडाचं कलमच घातलं नाही. दोन वर्षांत आमच्या नव्या सरकारला त्यातून अंग काढून घ्यायचं होतं, तेव्हा लंडनच्या वकिलांनी ते कलम शोध शोध शोधलं. नव्हतंच, तर सापडणार कुठून? मग नांदणं आलं. आणि नांदायचं म्हणजे सगळं अर्धं-अर्धं. अर्धं काम तुमच्याकडे, अर्धं आमच्याकडे. एक साल साहेब तुमचा, पुढचं साल आमचा. बैठकीचा वृत्तांत दोन भाषांत, आणि दोन्ही मूळ. भाषांतर कुठलंच नाही, कारण भाषांतर म्हटलं की एकाला धाकटेपण आलं. आमच्याकडे बैठक असली की साडेदहाला चहाची गाडी ढकलत बाई यायची आणि तुमची माणसं त्या चहाकडे दुखवट्याला आल्यासारखी बघायची. तुमच्याकडे असली की जेवायला दोन तास, आणि तिसऱ्या पेल्यानंतर आमचा पॉबजॉयसाहेब माझ्या कानात पुटपुटायचा, “दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना मर्विन, इथं उलटंच आहे. दोन्ही घरी खाऊन विमान जड होणार बघ.”

त्या सगळ्या मोठ्या कारभारात आपण दोघं कुठे होतो? एका टोकाला. आमची कचेरी नदीकाठची, तीस माणसांची, मोठ्या कारखान्याला सांध्याचे भाग काढून नि घडवून देणारी. तुझी तुलूझची तसलीच. दर वर्षी साहेब बदलत, मंत्री बदलत, पण दर शुक्रवारी तुमच्याकडून यायच्या विमानात माझ्यासाठी नकाशांची नळी असायची आणि दर सोमवारी माझी तुझ्याकडे. आपल्या कामातली गंमत बाहेरच्यांना सांगून पटत नाही. एकच वस्तू, पण तिचं चित्र तुमचं वेगळं, आमचं वेगळं. वस्तू डावीकडून पाहिली तर कशी दिसते, ते चित्र तुम्ही फ्रेंच लोक कागदावर उजवीकडे काढता, आम्ही डावीकडे काढतो. दोन्ही बरोबर, फक्त कुठल्या रीतीचं आहे ते कळायला हवं. म्हणून तुमच्या छापील कागदाच्या कोपऱ्यात तुमची खूण, आमच्या कोपऱ्यात आमची. तुझा नकाशा आला की मी बाजू बदलायच्या, मिलिमीटरचे इंच करायचे, आमच्या कागदावर नव्यानं उतरवायचा, आणि मग खाली दोन सह्या. काढणारा तू, तपासणारा मी. पाच वर्षांत असे दोन हजारांच्या वर नकाशे मी उलटवले असतील. हात आपोआप चालायचा.

पहिल्या दोन वर्षांत तू मला तुमच्या भाषेत ‘तुम्ही’ म्हणायचास. आमच्यात तो प्रकारच नाही, राजाला नि कुत्र्याला आम्ही एकच शब्द वापरतो, त्यामुळे मला त्याचं काही नव्हतं. पण चौसष्टच्या हिवाळ्यात तू मला घरी जेवायला नेलंस, तुझ्या आईनं बदक आणि पांढरा घेवडा घातलेलं कासुले मातीच्या भांड्यातून वाढलं, मी तिसऱ्यांदा मागून घेतलं, आणि ती तुझ्याकडे वळून म्हणाली, “याला काय परक्यासारखं बोलतोस, हा घरचाच दिसतो.” त्या दिवसापासून तू मला ‘तू’ म्हणायला लागलास. रात्रशाळेतल्या माझ्या मोडक्या फ्रेंचमध्येही मला तो फरक कळला. मी ब्रिस्टलला येऊन डोरीनला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग तिच्यासाठी एखादी शाल घेऊन जा, नुसता खाऊन आलायस.”

तेव्हापासून तुझ्या नळीत डोरीनसाठी एक पुडी यायला लागली. तुमच्या तुलूझची साखरेत घोळवलेली व्हायोलेटची फुलं. नियमात बसत नव्हतं, पण नळीच्या तळाशी कोण बघतंय. मी पुडी कोटाच्या खिशात टाकायचो, नकाशा टेबलावर पसरायचो.

सदुसष्टच्या मार्चमध्ये माझे डोळे आले होते. लाल, सुजलेले, सतत पाणी. त्या आठवड्यात तू ब्रिस्टलला होतास, माझ्या टेबलाशेजारी बसून तू ते पाहिलंस, आणि म्हणालास, “असे डोळे घेऊन बाजू काय बदलत बसतोस? झोप जाऊन.” मी म्हणालो, “मी झोपलो तर मंत्री जागे होतील.” आपण हसलो. तू परत गेलास, आणि पुढच्या शुक्रवारी त्या ब्रॅकेटचा नकाशा आला. इंधनाची नळी धरणारं एवढंसं ब्रॅकेट. ती नळी विमानाच्या उजव्या अंगानंच जायची, त्यामुळे त्याला डावं भावंड नव्हतं. मी नेहमीसारख्या बाजू बदलल्या, मापं बदलली, सही केली. आमच्या लोकांनी बेचाळीस ब्रॅकेटं घडवली. जुलैमध्ये ती तुमच्याकडे बसवायला घेतली तर एकही बसेना. बेचाळीसच्या बेचाळीस आरशातली.

पुढचं तुला माहीत आहे, पण ते माझ्या बाजूनं कसं झालं ते ऐक. सहा आठवडे काम अडलं. लंडनमध्ये निमित्त शोधणारे टपूनच होते. दोन्ही सरकारांची चौकशी समिती बसली, तीन माणसं तुमची, तीन आमची. तू त्यांना सांगितलंस की मर्विनच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तो एक नकाशा मी मुद्दाम इंग्रजी रीतीनं काढला होता, कागद मात्र आमचाच छापील, म्हणून कोपऱ्यातली खूण फ्रेंच राहिली. आणि तसं कळवणारी चिठ्ठी मी सोबत घातली होती. तुमच्यातल्या एकानं विचारलं, चिठ्ठी कुठे आहे? फाइलमध्ये नव्हती. मग मला विचारलं, तुम्हाला मिळाली का? मी म्हणालो, नाही मिळाली. गास्तों, त्या दिवशी ते खरं होतं. आईची शपथ, त्या दिवशी मी खरं बोललो होतो. पत्राच्या या एका ओळीचा मला अजून आधार वाटतो, म्हणून ती लिहितोय.

समितीची दुसरी बैठक पुढच्या आठवड्यात गुरुवारी आमच्याकडे ब्रिस्टलला होती. त्याच्या आदल्या रविवारी डोरीन शिवणाचा डबा काढून बसली होती. तुझ्या फुलांच्या पुड्यांवर ते जांभळं चित्र असतं ना, ते तिला आवडायचं, म्हणून रिकाम्या पुड्या ती टाकायची नाही, त्यात बटणं ठेवायची. शर्टाची वेगळी, कोटाची वेगळी. एका पुडीत हात घालून तिनं एक पातळ कागद काढला, साखरेनं तळाशी चिकटलेला. म्हणाली, “हे काय फ्रेंचमध्ये? माझ्या नावानं प्रेमपत्र तर नाही ना पाठवलं त्यानं?” मी तिच्या हातून घेतला. तुझं ते तिरकं अक्षर. नळीतून पुडीत कधी सरकलं कोण जाणे. मी म्हणालो, दुकानाची चिठ्ठी आहे. आणि खिशात घातली.

त्या गुरुवारी मी बैठकीला गेलो तेव्हा ती माझ्या आतल्या खिशात होती. मी ती द्यायलाच नेली होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण आत जाण्याआधी पॉबजॉयसाहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांना चिठ्ठीचं काही ठाऊक नव्हतं, बिचारे माझ्या भल्याचंच सांगत होते. म्हणाले, “अहवाल झालाय तयार. अर्धी चूक त्यांची, अर्धी आपली, सगळं अर्धं असतं तसं. अर्ध्या चुकीनं कुणी मरत नाही रे. पूर्ण आपली निघाली असती ना, तर लंडनवाल्यांनी विमानासकट आपल्याला पुरलं असतं. आता तोंड मिटून बस, पुढच्या वर्षी माझी खुर्ची तुझी.” मी तोंड मिटून बसलो. विमान वाचवायला बसलो असं म्हणायला किती बरं वाटतं. खरं एवढंच, की मी घाबरलो होतो, आणि मला ती खुर्ची हवी होती.

बैठक संपल्यावर वऱ्हांड्यात तू माझ्याजवळ आलास. बाकीचे जेवायला गेले होते. तू हळूच विचारलंस, “त्यांच्यासमोर जाऊ दे. मला सांग, तुला खरंच मिळाली नाही?” मी म्हणालो, नाही. हात कोटावर होता, कागद हाताखाली होता. तू माझ्या हाताकडे पाहिलंस. मला वाटलं, आता कळलं याला. पण तू स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतलास आणि म्हणालास, “मग मीच विसरलो असेन टाकायला. लिहिल्याचं तर आठवतंय.” आणि आत जाऊन अहवालावर सही केलीस.

जी अर्धी चूक माझ्या वाट्याला आली ती इथल्या चहात विरघळून गेली. तुझ्या वाट्याची तुझ्या अंगावर पडली. तुमच्याकडे ती चूक म्हणून राहिलीच नाही. आधी नियम मोडला आणि मग न लिहिलेल्या चिठ्ठीचा आडोसा घेतला, असं बोललं गेलं म्हणे. ज्या माणसानं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचीही थाप कधी मारली नाही, तो थापाड्या ठरला. तुला सांध्याच्या कामावरून काढून तळघरात, जुने नकाशे लावायच्या खोलीत बसवलं. मला हे ऑक्टोबरमध्ये कळलं, कारण शुक्रवारची नळी आली ती दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. तळाशी पुडी नव्हती. डोरीन म्हणाली, “काय रे, भांडलात का दोघं?” मी म्हणालो, त्याची बदली झाली.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये, त्या रविवारी, पहिलं उड्डाण तुलूझला झालं तेव्हा मी आत होतो, छातीवर बिल्ला लावून पाहुण्यांत. तू बाहेर होतास, शेताच्या बांधावर, गर्दीत, सायकल एका हातात आणि तुझी सहा वर्षांची लेक ओदिल खांद्यावर. विमान उडून परत आल्यावर मी तुला शोधत आलो. काय बोलणार होतो कोण जाणे. तूच हात पुढे केलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तू हसत होतास. म्हणालास, “आपला सांधा धरला. तुम्ही प्रवासानं दमला असाल.” तुम्ही. एवढाच राग तू आयुष्यात माझ्यावर काढलास, आणि तोही बहुधा रागानं नाही. तुला फक्त माझ्याशी घरच्यासारखं वागायची लाज वाटायला लागली असावी, कारण तुझ्या मते तू मला अडचणीत आणलं होतंस. ती लाज माझी होती रे. ती तू वाहिलीस.

मला खुर्ची मिळाली. वीस वर्षं मी तिच्यात बसलो, एकोणनव्वदला निवृत्त झालो, सगळ्यांनी मिळून मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते दिवसाला चार मिनिटं मागं पडतं. चिठ्ठी मी कंपासपेटीत मखमलीच्या अस्तराखाली ठेवली होती. जाळावीशी दोन-तीनदा वाटली, जाळवली नाही, आणि पाठवावीशी वाटली तेव्हा पाठववलीही नाही. दर नाताळला कार्ड लिहिताना पेटी समोर असायची. एक ओळ लिहिली असती तर झालं असतं. पण एकदा एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी आधीच्या वर्षाचंही उत्तर द्यावं लागतं. तसं ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

गेल्या बुधवारी मी डोरीनला सगळं सांगितलं. ती मोजे रफू करत होती, मान वर केली नाही. मग म्हणाली, “दुकानाची चिठ्ठी म्हणे. दुकानदार वरती ‘मर्विन’ लिहितो होय? मला फ्रेंच येत नाही, पण तुझं नाव वाचता येतं.” मी म्हणालो, मग तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, “मला वाटलं, असेल पुरुषांचं काहीतरी. सांगेल कधीतरी. छत्तीस वर्षं लावशील असं नव्हतं वाटलं.” मग तिनं डबा काढला, सगळ्या पुड्यांतली बटणं ताटलीत ओतली, पुड्या एकावर एक ठेवल्या, आणि मला म्हणाली, “त्या माणसानं मला फुलं पाठवली आणि तू त्याला गाडलंस. उद्या लिहायला बस. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि मी लिहिलेलं तुला आवडणार नाही.”

डोरीननं मला लिहायला बसवलं हे खरं, पण तिला मी सांगायला तोंड उघडलं ते ओदिलच्या पत्रामुळे. त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी, ते आलं. किती चांगलं इंग्रजी लिहिते तुझी लेक, शाळेतली मुलं नशीबवान आहेत. तिनं लिहिलंय की तुला हल्ली फारसं आठवत नाही. नातवंडांची नावं गेली, तुझी आई अजून स्वयंपाकघरात आहे असं तुला वाटतं, जूनमध्ये विमान आलं ते तुला टीव्हीवर दाखवलं तर तू कौतुकानं विचारलंस की हे कुणी केलं. पण रोज दुपारी जेवण झालं की तू उठतोस आणि घरातले सगळे खण उघडतोस, गाद्या उलटतोस, कोटांचे खिसे तपासतोस, आणि तिला विचारतोस, “मी टाकली होती का चिठ्ठी?” ती कुठली चिठ्ठी, हे तिला माहीत नाही. तू फक्त ‘मर्विनला विचार’ म्हणतोस, म्हणून तिनं कार्डावरच्या पत्त्यावर लिहिलं. तिनं मला विनंती केली आहे की काका, खोटं असलं तरी चालेल, पण एकदा ‘हो, मिळाली होती’ असं चार ओळींत लिहून पाठवा, म्हणजे बाबांना दुपारी झोप तरी लागेल. काका म्हणते मला. तिनं माझ्याकडे दयेचं खोटं मागितलं, आणि या जगात मी एकटाच असा माणूस आहे की ज्याला ते बोलायची गरज नाही. म्हणून हे पत्र. ओदिल तुला ते वाचून दाखवेल, तू ते विसरशील, तर उद्या पुन्हा वाचेल. चूक अर्धी नव्हती, गास्तों, सगळी माझी होती. डोरीनच्या एका पुडीत घालून चिठ्ठी सोबत पाठवतोय, अजून थोडी चिकट आहे. त्यात तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘मर्विन, हा नकाशा तुमच्या रीतीनं काढलाय, बाजू बदलू नकोस, डोळ्यांना जप. फुलं डोरीनला.’ दुपारी तू खण उघडायला उठलास की ओदिल ही तुझ्या हातात देईल. तू टाकली होतीस. मला मिळाली होती.

तुझाच,
मर्विन